मागची डावी जागा

हे खरं आहे. आधीच सांगून ठेवतो. ज्याला थाप वाटेल त्यानं इथंच थांबावं, मला कुणाशी हुज्जत घालायची नाही.

भुताच्या गोष्टीला म्हणे रात्र लागते, अमावस्या लागते, पिंपळ लागतो. इथं त्यातलं काहीएक नाही. भर दुपार होती. सन एकोणीसशे चौपन्न. पावसाळा नुकताच सरलेला आणि ऊन डोकं फोडत होतं. जागा म्हणाल तर बोर्ली पंचतनहून श्रीवर्धनला जाणारा रस्ता आणि त्या रस्त्यावरची करवंदीची घाटी.

ज्यांच्यावर ही वेळ आली ते माझे सख्खे मामू. रशीदमामू. बोर्लीच्या बाजाराच्या टोकाला त्यांची मोटार दुरुस्तीची शेड होती. हातात जादू, पण डोकं कायम तापलेलं. एखादा बोल्ट अडला तर मामू त्या बोल्टच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि मगच पाना लावायचे.

त्यांचं एक म्हणणं होतं. "दोष एक तर गाडीत असतो, नाहीतर चालवणाऱ्यात. तिसरीकडं कुठं नसतोच."

त्या दुपारनंतर हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

तेव्हा जहुरामामीचे दिवस भरत आले होते. पहिलं मूल घरीच अडलं आणि गेलं. मामीही जेमतेम वाचली. श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी मामूंना बजावलं होतं, "या खेपेला कळा सुरू झाल्या की तडक इकडं आणायचं. घरी वाट बघत बसलात तर दोघंही हाती लागायची नाहीत."

तडक आणायचं, पण कशातून? पावसानं रस्ता खाल्ला होता, एस.टी. बंद होती. बोर्लीत भाड्याची गाडी एकच. रावजीशेटची. लढाईच्या आधीची, मोठी, काळी.

आणि नेमकी तीच गाडी घाटी चढेना.

मामू मुंबईहून सामान घेऊन परतले त्याच दिवशी शेटचा ड्रायव्हर चंदर गाडी शेडमध्ये घेऊन आला. मागोमाग धोतराचा सोगा सावरत शेट.

"रशीद, पिकअप गेलाय हिचा. सपाटीला बरी चालते, चढाला लागली की मरते. धंदा बसला माझा. लवकर बघ."

"बघतो," मामू म्हणाले. "मला पण हवीय ती. चार दिवसांत जहुराला न्यायची वेळ येईल."

"ने की. गाडी चालली तर!" शेट हसला.

मामूंनी गाडी उघडली. प्लग काढून घासले. पॉइंट पाहिले. कार्बुरेटर सोडवला तर आत गंजाचा चिखल. टाकीत पावसाचं पाणी शिरलं होतं. जेट म्हणजे एवढंसं भोक, त्यातून पेट्रोल येणार कसं आणि गाडी ओढणार कशी?

"हा घे तुझा पिकअप!" मामूंनी तो चिखल चंदरच्या नाकासमोर धरला. "टाकीचं झाकण नीट लावायला काय होतं रे तुला? हात मोडले होते?"

चंदर उजव्या दाराशीच उभा होता. गाडी आल्यापासून तो तिच्या डाव्या बाजूला एकदाही गेला नव्हता. मामूंच्या ते तेव्हा लक्षात आलं नाही.

टाकी धुतली. जेट फुंकून साफ केला. पेट्रोलपंपाचा पडदा नवा घातला. गाडी दिवेआगरच्या सपाट रस्त्याला काढली तर काय पळाली! मामूंनी स्टिअरिंगवर हात आपटला. खूश झाले की ते असंच करायचे.

मग गाडी घाटीकडं वळवली.

घाटीच्या पायथ्याला एक मोठं आंब्याचं झाड आहे. तिथपर्यंत गाडी मस्त आली. आणि झाडाखालून पुढं जाताना...

बसली.

इंजिनाचा आवाज जड झाला. टपापर्यंत माणसं कोंबल्यावर होतो तसा. मामूंनी ॲक्सिलरेटर पार खाली दाबला. गाडी कण्हली, हातभर सरकली आणि बंद पडली.

गाडीत मामू एकटे होते.

दुसऱ्या दिवशी मामूंनी सगळं पुन्हा केलं. क्लच घसरतोय? नाही. ब्रेक धरतायत? चाकं जॅकवर उचलून फिरवली, भिंगरीसारखी फिरली. सायलेन्सर चोंदलाय? खोलून आरपार पाहिलं. टायमिंग पाहिलं. सगळं चोख.

पुन्हा घाटी. पुन्हा आंब्याचं झाड. पुन्हा तेच.

मामू खाली उतरले, शिव्या देत गाडीभोवती फिरले आणि थबकले.

गाडी सरळ उभी नव्हती. मागची डावी बाजू खाली दबली होती. चाकावरचे पाटे, ज्यांच्यावर गाडीचं वजन तोललेलं असतं ते, डावीकडचे सपाट झाले होते. उजवीकडचे कमानदार होते. जणू मागं, डाव्या खिडकीशी, कुणी अंग टाकून बसलंय.

मामूंनी काचेतून आत पाहिलं. सीट रिकामी.

पाटा तुटला असेल म्हणून ते गाडीखाली शिरले. पाटा तुटला नव्हता. तेवढ्यात डोक्यावर, गाडीच्या आतून...

थप.

मामू थांबले.

थप... थप...

आपल्याकडं गाडीत बसलेलं माणूस दाराच्या पत्र्यावर तळहातानं थाप मारतं. चल, निघू, असं ड्रायव्हरला सांगायचं असतं तेव्हा. तशी थाप. पण घाईची. चिडलेली.

मामू बाहेर आले तोवर ती थांबली होती. वारा नव्हता. पान हलत नव्हतं. एक कावळासुद्धा ओरडत नव्हता.

ते घाबरले असतील, पण कबूल कधी केलं नाही. त्यांनी हातातला हातोडा रस्त्यावर आपटला आणि चालत परत बोर्लीला आले. आले ते थेट चंदरच्या घरी. त्याला मानगुटीला धरून ओसरीवरून खाली ओढलं.

"त्या गाडीत काय झालंय? मी मुंबईला होतो तेव्हा काय झालंय? बोल, नाहीतर इथंच गाडतो."

चंदर मटकन खाली बसला. "केसर, रशीदभाई. भागुबाईची केसर. गाडीतच गेली ती."

केसर म्हणजे खाडीकाठच्या कोळीवाड्यातली पोर. माहेरी बाळंतपणाला आलेली. मूल आडवं आलं म्हणून तिला डोलीतून बोर्लीपर्यंत आणलं होतं. मागच्या सीटवर, डाव्या खिडकीशी बसवली. सोबत आई.

"मी गाडी चालू केली," चंदर म्हणाला. "पण शेट म्हणाला, भरल्याशिवाय हलायचं न्हाय. बाजारचा दिवस हाय, माणसं येतील. पार उन्हं चढेपर्यंत गाडी उभी ठेवली. ती आत दाराला थापा मारत होती, रशीदभाई. निघा, निघा, म्हणत. शेट म्हणाला, बाईला जरा दम धरायला सांगा. मग माणसं आली. तिच्या अंगावर कोंबली. टपावर सुकटीच्या पाट्या. घाटीच्या पायथ्याला गाडी बसली. शेट पुढंच होता. मी म्हटलं, चारजणांना खाली उतरवा. तो म्हणाला, एकाला उतरवलं तर सगळे कटकट करतील, तू दाब. मी दाबत होतो... ती थापा मारत होती..."

"आणि?"

"आणि मग थापा थांबल्या."

मामू तिथून थेट शेटच्या किराणा दुकानात गेले. चंदर सांगायचा, त्यांच्या कपाळाची शीर दोरीएवढी झाली होती. दुकानात गादीवर शेट बसला होता. मामूंनी त्याला सदऱ्याला धरून उभं केलं.

"खरं आहे? केसरचं?"

"अरे सोड! माझी गाडी म्हणजे काय धर्मशाळा आहे? पोटुशी बाई, आधी जायला नको? ज्याची त्याची वेळ येते. आणि तू कोण विचारणारा? तू गाडी दुरुस्त कर!"

लोकांनी मधे पडून सोडवलं म्हणून, नाहीतर त्या दिवशी मामू तुरुंगातच गेले असते.

तिथून ते कोळीवाड्यात गेले. भागुबाई वाळत घातलेल्या बोंबलांखाली बसली होती. मुलगी गेल्यापासून बाजारात यायची नाही. मामूंनी तिला सगळं सांगितलं, दबलेला पाटा, थापा, आंब्याचं झाड. त्यांना वाटलं होतं, म्हातारी रडेल. ती रडली नाही.

"माझी चूक झाली रं, रशीद," ती म्हणाली.

"तुझी कसली चूक, मावशी?"

"आमच्यात कोण वाटंत गेला, तर त्याला हाक मारून आणावा लागतो. दर वळणाला नाव घ्यायचं, कुठं चाललो ते सांगायचं. न्हाय सांगितला तर तो तिथंच बसून ऱ्हातो. मी सांगितलं की! गाडी माघारी फिरली तवा दर वळणाला म्हटलं, चल गो केसर, घरा चल. बाजारात गाडी थांबली तवा म्हटलं, उतर बाय, घर आला." तिनं कपाळावर हात मारून घेतला. "पन ती घरा यायला बसली व्हती का रं? ती दवाखान्यात जायला बसली व्हती. तिला घरा कोण बोलावतंय? मी येडी, मीच! ती उतरलीच न्हाय. वाट बघतेय अजून, गाडी कंदी निघते त्याची."

मामू तिथंच वाळूत बसून राहिले. आणि तेवढ्यात शेजारणीचा निरोप घेऊन माणूस धावत आला. मामीला कळा सुरू झाल्या होत्या.

ते धावले. भागुबाई त्यांच्या मागं धावली, त्या वयात. "मी येते. मला घेतल्याबिगर जाऊ नको. ती तुझं ऐकायची न्हाय."

मधल्या वेळात चंदरनं घाटीखालून गाडी उलटी वळवून बाजारात आणून ठेवली होती. मागची डावी बाजू अजून दबलेली. मामीला उचलून आणली. भागुबाईनं तिला उजव्या दारातून आत घेतलं, मधोमध बसवलं, स्वतः उजवीकडं बसली. डावी जागा मोकळी ठेवली.

आणि तो शेट आला. मागं गाठोडी घेतलेली तीन माणसं.

"रशीद, गाडी जातेच आहे तर यांनाही ने. श्रीवर्धनचीच आहेत. ती डावी जागा रिकामी आहे की! एवढ्याशा बाईसाठी आख्खी गाडी पळवतोस?"

वाचताय ना? त्याच जागेवर. त्याच तोंडानं.

मामूंच्या हातात गाडी चालू करायचं लोखंडी हँडल होतं. त्यांनी ते वर उचललं.

"शेट, आज ही गाडी भरायची नाही. आडवा आलास तर तुझ्या अंगावरून जाईल. बाजूला हो, हरामखोरा."

त्या क्षणी गाडीच्या आतून आवाज आला...

थप थप थप थप.

मामी कळांनी वाकलेली होती. भागुबाईचे दोन्ही हात पुढच्या सीटच्या पाठीवर होते. शेटनं ते पाहिलं. तो मागं सरकला, धुळीत बसला.

गाडी सुटली.

पहिल्या वळणाला भागुबाई ओरडली, "केसर! चल गो! दवाखान्यात चल!"

दुसऱ्या वळणाला, "चल बाय, थांबायचं न्हाय! कुनाची वाट बघायची न्हाय!"

आंब्याचं झाड आलं. इंजिनाचा आवाज जड झाला. गाडी मागं ओढल्यासारखी बसायला लागली. मामूंनी ॲक्सिलरेटर पार खाली दाबला. "चढ! चढ, तुझ्या..." त्यांना शिवी पुरी करवेना. मामी किंचाळली.

भागुबाई डावीकडच्या रिकाम्या जागेकडं वळली. आता ती हाक मारत नव्हती. भांडत होती.

"केसर! मी चुकले! तुला घरा बोलावली, मी चुकले! आता ऐक. ही गाडी दवाखान्यात चाललीय. खरंच चाललीय. भरून न्हाय, रिकामी चाललीय, तुमच्या दोघींसाठी. चल!"

मग गाडी उसळली. मामू शपथेवर सांगायचे, त्यांचा पाय होता तिथंच होता, पण गाडी पायाचं ऐकत नव्हती. आपली आपण पळत होती. सगळी घाटी ती अशी चढली की वरच्या खिंडीत मामूंना ब्रेक लावावा लागला.

मधेच मामी म्हणाली, "मावशी, हात जरा सैल करा. दुखतंय. आणि तुमचे हात एवढे गार कसे?"

भागुबाईनं आपले हात पाहिले. ते अजून पुढच्या सीटच्या पाठीवरच होते. मामूंनी आरशात पाहिलं नाही. मान वळवायची हिंमत झाली नाही, एवढं मात्र त्यांनी मला एकदा सांगितलं.

दवाखान्यात मामीला लगेच आत घेतलं. मुलगी झाली. थोडा उशीर झाला असता तर दोघी गेल्या असत्या, डॉक्टर म्हणाले. मामू व्हरांड्यात उभे राहून लहान मुलासारखे रडले.

मग त्यांना भागुबाई आठवली. ते बाहेर आले.

गाडी सरळ उभी होती. दोन्हीकडचे पाटे सारखे. डावं दार सताड उघडं. भागुबाई दाराशेजारी धुळीत बसली होती, पदर तोंडाला लावून.

"उतरली?" मामूंनी विचारलं.

"उतरली."

"मग झालं तर. रडतेस कशाला, मावशी? पोचली की ती."

भागुबाईनं मान हलवली. "मी दार उघडून म्हटलं, उतर गो बाय, दवाखाना आला. ती उतरली. पायरीपावेतो गेली. आतून तुझी पोर रडली. ती ऐकत उभी ऱ्हायली... लय वेळ. आन मग मागं फिरली."

"मागं कुठं?"

म्हातारीनं बोर्लीच्या रस्त्याकडं बोट दाखवलं. "चालत गेली. तरातरा. मी हाका मारल्या रं. एकदा रागावली की ती कुनाचं ऐकत न्हाय. ल्हानपणापासून तशीच हाय."

परत येताना गाडी हलकी चालली. घाटीत एकदाही दम लागला नाही. भागुबाई खिडकीतून सारा रस्ता बघत होती. रस्त्यावर कोणी नव्हतं.

शेटला सावध करावं असं मामूंना वाटलं नाही. "का करू?" ते मला म्हणायचे, आणि ते म्हणतानाही त्यांच्या कपाळाची शीर उडायची.

शेटचं काय झालं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणूनच म्हणतो, हे खरं आहे.

गाडी त्यानं लगेच विकली. बरीच वर्षं जगला. मी शाळेत असताना त्याच्या दुकानात गूळ आणायला जायचो. एवढी ऐसपैस गादी, पण हा अगदी उजव्या कडेला, अर्धा गादीच्या बाहेर बसायचा. एकदा कोणी पाहुणा आला आणि रिकामी जागा बघून शेटच्या डावीकडं टेकायला गेला. शेट असा किंचाळला की माझ्या हातातली पिशवी पडली.

"उठ! उठ तिथून! ती आधीपासून बसलीय, दिसत नाही?"

दुकानातले लोक हसले. म्हातारा भ्रमिष्ट झालाय म्हणाले. मी हसलो नाही, कारण मी लहान होतो, माझं तोंड गादीच्या उंचीला होतं, आणि शेटच्या डावीकडं ती गादी चांगली वीतभर दबलेली मला दिसत होती. पाहुणा अजून टेकलाही नव्हता.

मी धावत येऊन मामूंना सांगितलं. मामू चहा पीत होते.

"बसू दे," ते म्हणाले.

पण तो चहा त्यांनी तसाच ठेवला, आणि उठून दार आतून लावून घेतलं.